डॅशकॅममध्ये नंबरप्लेट का पुसते?

शिरवळहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट. येताना बोगदा आणि अपघातांसाठी कुप्रसिद्ध ‘एस’ वळण. इथे कुणी धडक देऊन पळाला, तर भिस्त डॅशकॅमवर. आणि नेमकी नंबरप्लेटच पुसट निघते!

दोष बहुधा लेन्सचा नसतो. फुल एचडीत सेकंदाला ३० चित्रे म्हणजे सुमारे १८७ मेगाबाइट कच्ची माहिती. कार्डावर उतरते जेमतेम दोन. आधीच्या चित्रापेक्षा जे बदलले तेवढेच नोंदवायचे, ही त्यातली युक्ती. घाटात झाडे, कठडे, पाऊस सगळेच क्षणोक्षणी बदलते; मग बारीक अक्षरांचा बळी जातो. बोगद्यात उजेड कमी, त्यामुळे प्रत्येक चित्र टिपायला वेळ जास्त लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगात सेकंदाच्या तिसाव्या भागात गाडी पाऊण मीटर पुढे गेलेली असते.

दुकानदार ‘फोर के’ सांगतो, बिटरेट सांगत नाही. सेटिंगमध्ये तो सर्वाधिक ठेवावा, सतत रेकॉर्डिंग सोसणारे ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्ड घ्यावे, काच आतूनही पुसावी. अपघातानंतर कार्ड लगेच काढून ठेवा, लूप रेकॉर्डिंग जुने पुसत जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो आणखी दाबला जातो. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. पोलिसांना मात्र मूळ फाइलच दाखवा.