डोंगरांआडचे शू राज्य

नैर्ऋत्य चीनच्या सिचुआन खोऱ्यात इ. स. ९०७ ते ९२५ अशी जेमतेम अठरा वर्षे शू नावाचे राज्य होते. त्याची राजधानी चेंगडू. पुढे नऊ-दहा वर्षांनी याच भूमीवर याच नावाचे दुसरे राज्य उभे राहिले, म्हणून इतिहासकार पहिल्याला ‘आधीचे शू’ म्हणतात. तांग साम्राज्य मोडल्यावर चीनमध्ये सरदारांनी जी राज्ये थाटली, त्यांतले हे एक श्रीमंत राज्य. या काळाला ‘पाच घराणी आणि दहा राज्ये’ असे नाव आहे.

तांगांचे साम्राज्य आतून पोखरले जायला दीडशे वर्षे आधीच सुरुवात झाली होती. इ. स. ७५५ मधल्या आन लुशानच्या बंडानंतर अनेक प्रांत लष्करी सुभेदारांच्या मुठीत गेले. हे सुभेदार नावाला बादशहाचे. महसूल, फौज आणि पुढचा वारस मात्र ते स्वतःच ठरवीत. त्यातच ह्वांग चाओ या मीठ-तस्कराचे बंड पेटले. ८८१ च्या सुरुवातीला चांगआन ही राजधानी त्याच्या हाती पडली आणि बादशहा शीझोंग चेंगडूला पळाला.

शू राज्याचा संस्थापक वांग ज्यान या धामधुमीतून वर आला. ८४७ साली आजच्या हनान प्रांतात गरिबाघरी तो जन्मला. तरुणपणी त्याने गुरे कापली, गाढवे चोरली, चोरटे मीठ विकले. गावकरी त्याला ‘चोर वांग’ म्हणूनच ओळखत. मग तो फौजेत शिरला आणि बादशहाच्या दिमतीला आलेल्या पाच तुकड्यांपैकी एकीचा नायक झाला. दरबारात ज्याची चलती होती त्या थ्येन लिंगझी या खोजाने या नायकांना मानसपुत्र करून घेतले.

८८६ साली बादशहावर पुन्हा पळण्याची पाळी आली. छिनलिंग पर्वतातली वाट म्हणजे कड्यात वासे रोवून त्यांवर टाकलेल्या फळ्या. शत्रूने त्या फळ्यांना आग लावली होती. पाठीवर राजमुद्रा बांधलेल्या वांग ज्यानने बादशहाच्या घोड्याचा लगाम धरून धुरातून वाट काढली. त्या रात्री बादशहा त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपला आणि जाग आल्यावर त्याने अंगावरचा झगा काढून त्याला दिला.

या इमानदारीला बक्षीस मिळाले ते सिचुआनच्या सीमेवरच्या एका लहान ठाण्याचे. तिथून वांग ज्यानने स्वतःचा पसारा वाढवला. चेंगडूचा सुभेदार थ्येन लिंगझीचा सख्खा भाऊ होता. वांगला आधी तिकडून बोलावणे गेले, मग ऐनवेळी वाटेतच अडवण्यात आले आणि युद्ध जुंपले. वेढ्यात शहर उपाशी मरू लागले. ८९१ मध्ये भावाकडे आश्रयाला असलेला थ्येन लिंगझी स्वतः शिक्के घेऊन मानसपुत्राच्या छावणीत आला. दोनच वर्षांत वांगने दोन्ही भावांना ठार केले. ९०२ पर्यंत पूर्व सिचुआन आणि उत्तरेकडचे हानझोंगचे खोरेही त्याने जिंकले.

९०७ साली झू वेन या सरदाराने शेवटच्या तांग बादशहाला दूर करून ल्यांग घराणे स्थापले. वांगने त्याचे स्वामित्व झुगारले. अधिकारी आणि प्रजा यांच्यासह तीन दिवस तांगांसाठी शोक केला आणि मग स्वतःच बादशहा झाला.

राज्याची जागा मोक्याची होती. उत्तरेला छिनलिंगच्या रांगा, पूर्वेला यांगत्सेच्या अरुंद घळी आणि आत पाटबंधाऱ्यांवर पिकणारी भातशेती, रेशीम, चहा, मिठाच्या विहिरी. उत्तरेतून पळालेले पंडित इथे आश्रयाला आले. वांगला लिहिता-वाचता येत नव्हते, पण विद्वानांशी बोलणे त्याला आवडे. कवी वेइ च्वांग त्याचा प्रधान झाला. अर्हतांची चित्रे काढणारा भिक्षू ग्वानश्यू आणि ताओ पंथाचा पंडित तू ग्वांगथिंग यांनाही त्याच्या दरबारात मान होता.

फौजेची बांधणी मात्र वैयक्तिक नात्यांवर होती. वांगने शंभराहून अधिक लढवय्यांना मानसपुत्र करून आपले आडनाव दिले आणि ठाणी त्यांच्याकडे सोपवली. ही नाती वांगशी जुळलेली होती, गादीशी नव्हे. ९१३ मध्ये युवराज दरबारी भांडणात मारला गेला. लाडक्या राणीच्या, श्यू हिच्या, आग्रहाने धाकट्या मुलाला वारस नेमले गेले आणि ९१८ मध्ये सत्तरी ओलांडलेला वांग ज्यान वारला.

नवा बादशहा वांग यान कविता करी, बागा उठवी, रात्ररात्र मैफली रंगवी. त्याच्या अंतःपुरात गालांवर लाली थापण्याची ‘मद्यधुंद शृंगार’ नावाची टूम निघाली होती. राजमाता आणि तिची बहीण हुद्दे विकत. जागा रिकामी झाली की जास्त पैसे देणाऱ्याला ती मिळे.

इकडे उत्तरेत ली छुनश्यू याने ९२३ साली ल्यांगांना बुडवून तांगांचे नाव पुन्हा वर काढले होते. ९२५ च्या शरदात त्याची साठ हजारांची फौज छिनलिंग उतरू लागली. तिच्याजवळ शिधा थोडाच होता, पण सीमेवरची ठाणी धान्यासकट शरण येत गेली. वांग यान त्याच वेळी लवाजमा घेऊन उत्तरेच्या सफरीवर निघाला होता. स्वारीची बातमी त्याला आधी खरीच वाटेना. शेवटी वांग झोंगबी या मानलेल्या भावाने नाक्यावरची फौज मागे घेतली, चेंगडूत येऊन बादशहाला कोंडले आणि शहर शत्रूच्या हवाली केले. स्वारी निघाल्यापासून सत्तर दिवसांत राज्य संपले. विजेत्यांना ६४ जिल्हे आणि ३०,००० सैनिक मिळाले.

९२६ मध्ये बंदिवान वांग यान वाटेत असतानाच ‘त्याच्या सोबतच्या सर्वांना मारा’ असा हुकूम निघाला. चांग च्यूहान या खोजाने कागद महालाच्या खांबावर धरून एक अक्षर पुसले आणि ‘सोबतच्या’ ऐवजी ‘घरच्या’ केले. राजघराणे गेले, पण हजारांवर माणसे वाचली. त्याच वर्षी ली छुनश्यूही बंडाळीत मारला गेला. त्याने चेंगडूला नेमलेला मंग झीश्यांग ९३४ मध्ये ‘नंतरच्या शू’ राज्याचा बादशहा झाला.

वांग ज्यानची समाधी चेंगडूच्या पश्चिम भागात आहे. तिच्यावरच्या टेकाडाची ओळख लोक पार विसरले होते. प्राचीन कवी सिमा श्यांगरू जिथे तंतुवाद्य वाजवी तो हा चौथरा, असे समजले जाई. १९४० मध्ये बाँबहल्ल्यांपासून बचावासाठी निवारा खोदताना आत बांधकाम लागले आणि १९४२-४३ च्या उत्खननात १४ दगडी कमानींखालचे दालन उघडले. समाधी पूर्वीच लुटली गेली होती, तरी वांग ज्यानची दगडी बैठी मूर्ती आणि जेडचा कमरपट्टा हाती आला. शवपेटीच्या ओट्याच्या तीन बाजूंना २४ स्त्रिया कोरल्या आहेत. त्यांतल्या दोघी नाचतात आणि बाकीच्या ढोल, बासरी, वीणेसारखी वाद्ये, शंख वाजवतात. एक तर नुसते झाडाचे पान ओठांना लावून बसली आहे. दहाव्या शतकातला वाद्यवृंद कसा बसे, हे अभ्यासक आज या ओट्यावरून ताडतात. नाव चुकले असले, तरी टेकाडाखाली संगीत होतेच.