वर्षवर, खोजे व हिजडे : तीन शब्दांचा विवेक

राजदरबारांतील षंढ सेवकांविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें, त्यांत वर्षवर, खोजा व हिजडा हे तीन शब्द बहुधा एकाच अर्थानें योजिलेले आढळतात. वस्तुतः ते तीन निरनिराळ्या स्थितींचे वाचक आहेत. त्यांची सरमिसळ झाल्यानें केवळ कोशांचेंच नव्हे, तर जिवंत माणसांचेंही नुकसान झालें आहे. म्हणून हा भेद थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

अमरकोशांत वर्षवर हा षंढाचा पर्याय म्हणून दिलेला असला, तरी कौटिलीय अर्थशास्त्रांत तो एका अधिकाराचा द्योतक आहे. अंतःपुराच्या शौचाशौचावर लक्ष ठेवणाऱ्या वृद्ध सेवकांत कौटिल्य वर्षवरांची गणना करतो. कामसूत्रांतील ‘तृतीया प्रकृति’ ही संज्ञा मात्र स्वभावाची आहे, नोकरीची नव्हे. विराटपर्वांतील बृहन्नडेची कथा या दोहोंच्या सीमेवर उभी आहे.

खोजा हा शब्द फारसी ‘ख्वाजा’ म्हणजे धनी यावरून आला. मुंबईच्या इस्मायली खोजांचें नांवही त्याच मूळचें, परंतु त्यांचा या विषयाशीं संबंध नाहीं. गुलामास धन्याचें नांव मिळावें, यांतच या संस्थेचें मर्म आहे. ज्यास संतति नाहीं, ज्याचें कुळ तुटलें आहे, त्यास राजावांचून आधार नसतो. आणि तो आपलें घराणें गादीवर बसवील हें भयही राजास नसतें. याच कारणास्तव बायझंटाइन सम्राटाचा सेनापति नार्सीस यानें इ. स. ५५२ त इटलींत गॉथांचा पराभव केला, व चीनचा झंग हे यानें १४०५ ते १४३३ पर्यंत समुद्रावर आरमारें नेलीं.

आमच्या प्रांताशीं या विषयाचा संबंध मलिक काफूरमुळें येतो. १२९९ च्या गुजरातच्या स्वारींत खंबायत येथें हा अल्लाउद्दीन खिलजीच्या पक्षास मिळाला. १३०९ च्या अखेरीस तो वरंगळावर निघाला, तेव्हां देवगिरीच्या रामचंद्र यादवानें त्यास साह्य केलें. अमीर खुसरोनें या वाटेवर दोन नद्यांमधील व हिऱ्यांच्या खाणीजवळील ज्या ‘बसीरागडा’चा उल्लेख केला आहे, तें गडचिरोली जिल्ह्यांतील वैरागड असावें, व पुढें घेतलेला किल्ला सिरपूरचा असावा, असें अभ्यासक मानतात. सिरपूर आमच्या कोरपन्याच्या आग्नेयेस, आतां तेलंगणांत आहे. १३१० त प्रतापरुद्रानें खंडणी दिली. १३१६ त अल्लाउद्दीन वारतांच काफूरानें एका बालकास गादीवर बसविलें. परंतु सुमारें महिन्याभरांत तो स्वतः मारला गेला. धनी गेला कीं खोजाचें बळही गेलें.

या वैभवाचा पाया मात्र क्रूर होता. सारा भरतां न आल्यास सिल्हेटकडे आईबाप मुलगे खच्ची करून देत, असें जहांगीर बादशहानेंच नमूद करून तें बंद करण्याचा हुकूम दिला. औरंगजेबानेंही १६६८ त तशी मनाई केली.

हिजडे ही याहून वेगळी संस्था. तो गुरुचेल्यांच्या परंपरेनें चालणारा समाज आहे. मराठी राज्यांत त्यांस भिक्षेचा हक्क, कोठें रोख नेमणूक, कोठें इनाम जमीन असे. एकोणिसाव्या शतकांत मुंबई सरकारनें गुरूमागें चेल्यास हा हक्क चालविण्याचें नाकारलें. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा दुसरा भाग उत्तरेकडील प्रांतांत षंढांची नोंदवही ठेवण्यासाठींच होता. त्या अन्वयें त्यांस दत्तक घेणें वा मृत्युपत्र करणें वर्ज्य झालें. निजामाच्या राज्यांतही १३२९ फसलींत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, असाच कायदा झाला. तो तेलंगण उच्च न्यायालयानें २०२३ त रद्द केला. तत्पूर्वीं २०१४ त सर्वोच्च न्यायालयानें तृतीय लिंगास मान्यता दिली होती. मुलें पळवून खच्ची करणाऱ्यांवरील संशय एका सबंध समाजावर लादला गेला, तो शब्दांच्या याच घोटाळ्यामुळें अधिक सहज झाला.

राजुरा व कोरपना हा मुलूख निजामाच्या अंमलांत होता व १९५९ त चंद्रपूर जिल्ह्यास जोडला गेला. येथील देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांत हिजड्यांच्या हक्काचा एखादा कागद कोणास आढळल्यास त्यांतील शब्द जसाच्या तसा उतरून घ्यावा, आधुनिक पर्याय घालूं नये. ज्यास ‘हक्क’ म्हटलें आहे त्यास आपण ‘भीक’ म्हणूं लागलों, तर कागद वाचूनही इतिहास समजला नाहीं असें होईल.