नदीचा ताळेबंद

नदीला माता मानणारी आपली संस्कृती. घरी स्नान करतानाही सप्तनद्यांचे स्मरण करण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. परंतु स्नानाचे तेच पाणी मोरीतून पुढे कोठे जाते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

चेन्नईतील नुंगंबाक्कमच्या उत्तरेकडून वाहणारी कूवम नदी हाच विचार करावयास लावते. तिरुवळ्ळूर जिल्ह्यातून येणारी ही नदी नेपियर पुलाजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. अठराव्या शतकातील दानशूर पच्चय्यप्पा मुदलियार या नदीत स्नान करीत, असे सांगतात. आज शहरातील तिचा प्रवाह काळवंडलेला व दुर्गंधीयुक्त आहे.

असे का घडते, हे आपल्या परिचयाच्या भाषेत सांगता येईल. पाण्यात विरघळलेला प्राणवायू ही नदीची शिल्लक होय. मैलापाण्यातील सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना जीवाणू हा प्राणवायू खर्च करतात. स्नानयोग्य पाण्यात प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि जीवाणूंची प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असा आपल्याकडील निकष आहे. मागणी वाढून शिल्लक संपली, की मासे मरतात, पाणी कुजते आणि नदीचे खाते बुडीत निघते.

मैलाशुद्धीकरण केंद्र हे कर्ज नदीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच फेडते. तेथे प्रथम जाळ्यांनी कचरा व वाळू अडवितात. नंतर जड गाळ तळाशी बसू देतात. पुढे हवा पुरवून जीवाणूंकडून सेंद्रिय द्रव्याचे विघटन करून घेतात व शेवटी पाणी निर्जंतुक करतात. गाळातून मिळणाऱ्या मिथेन वायूपासून वीजही तयार होते. चेन्नईतील केंद्रांमध्ये हा प्रयोग यशस्वी झाला आहे.

इतकेच नव्हे, तर शुद्ध केलेल्या सांडपाण्याला गिऱ्हाईकही आहे. चेन्नईतील तेलशुद्धीकरण कारखाना १९९० च्या दशकापासून असे पाणी विकत घेत आला आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे जलाशय कोरडे पडले. त्याच वर्षी कोडुंगैयूर व कोयंबेडू येथे प्रत्येकी दररोज ४५ दशलक्ष लिटर क्षमतेचे प्रगत शुद्धीकरण प्रकल्प सुरू झाले. तेथील पाणी उद्योगांना दिले जाते आणि तेवढे गोडे पाणी नागरिकांसाठी वाचते. आपल्या नागपुरातही भांडेवाडी येथील प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरविले जाते.

मग कूवम अद्याप काळीच का? कारण केंद्र कितीही उत्तम असले, तरी तेथवर न पोहोचलेले पाणी ते शुद्ध करू शकत नाही. पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेल्या गटारांना अनेक ठिकाणी मैल्याच्या नळ्या चोरून जोडलेल्या असतात. हे पाणी केंद्राला वळसा घालून थेट नदीत उतरते. त्यातच मुखाशी वाळूचा बांध साचतो, भरतीचे पाणी आत येत नाही आणि नदी तुंबते. हा प्रश्न एकट्या चेन्नईचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते. त्यांपैकी प्रत्यक्ष प्रक्रिया केवळ २०,२३५ दशलक्ष लिटरवर होत होती. उरलेली तूट नद्या, तलाव व भूजल यांच्या नावे पडत होती.

ही तूट भरून काढण्याचे काम केवळ शासनाचे नव्हे. आपल्या इमारतीची मैलावाहिनी नेमकी कोठे जोडली आहे, याची चौकशी गृहनिर्माण संस्थेच्या पुढील सभेत प्रत्येक सभासदास करता येईल. स्वयंपाकातील उरलेले तेल, रंग व रसायने मोरीत न ओतणे तर सर्वांच्याच हाती आहे. मोठ्या संकुलांना आपले सांडपाणी शुद्ध करून बागेसाठी व शौचालयासाठी वापरता येते.

वाचकहो, पासबुकातील नोंदी आपण काळजीपूर्वक तपासतो. नदीच्या खात्यात आपल्या घरातून रोज काय जमा होते, याकडेही तितक्याच दक्षतेने पाहू या.