पिंपातील डास आणि नळाचे वेळापत्रक

पावसाळा लागला की नगरपालिकांच्या आरोग्य खात्याला जाग येते. गल्लीबोळांतून धुराचे यंत्र फिरू लागते, ‘कोरडा दिवस पाळा’ अशी पत्रके वाटली जातात आणि डेंग्यूचे रुग्ण वाढले की घरोघर तपासणी होऊन ज्यांच्या पिंपात अळ्या सापडतील त्यांना नोटिसा बजावल्या जातात. डास हे नागरिकांच्या निष्काळजीपणाचे फळ आहे, असे या साऱ्या खटाटोपात गृहीत धरलेले असते. हे गृहीत अर्धेच खरे आहे.

डास गटारात होतात, ही समजूत सुशिक्षितांतही अद्याप दृढ आहे. तुंबलेली गटारे व संडासाच्या टाक्या यांतील घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. हत्तीरोगाचा प्रसार त्याच्याकडून होतो. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणाऱ्या एडिसला मात्र साठविलेले स्वच्छ पाणी लागते. पिंप, रांजण, सिमेंटचा हौद, कुंडीखालची ताटली, कूलर, फ्रीजमागचे भांडे, अंगणात पडलेला टायर किंवा करवंटी, यांपैकी काहीही त्याला पुरते. शिवाय तो दिवसा चावतो, त्यामुळे केवळ रात्रीच्या मच्छरदाणीने भागत नाही. शहरांत हिवताप पसरविणारा ॲनॉफेलिस स्टीफेन्साय हाही विहिरी व गच्चीवरील टाक्या यांतच वाढतो. मुंबईच्या हिवतापाचा संबंध तेथील विहिरींशी आहे, असे डॉ. बेंटले यांनी १९११ च्या अहवालात दाखवून दिले होते. पुढे विहिरी बुजविण्याचा वा झाकण्याचा आग्रह सुरू होताच पारशी समाजातून धार्मिक भावनेचा प्रश्न उपस्थित झाला. घरच्या पाण्यात सरकारने हात घालावा, हे तेव्हाही कोणाला रुचले नव्हते.

एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी चिकटविते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाण्याचा स्पर्श होताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. आपल्याकडील उष्ण हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास साधारणतः ७ ते १० दिवसांत पुरा होतो. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करण्याचा नियम यातून निघाला. परंतु भांडे नुसते उपडे करून उपयोग नाही. कडा काथ्याने खसाखसा घासल्या पाहिजेत. प्रचाराच्या गलबल्यात नेमका हा भाग हरवतो.

नियम शास्त्रशुद्ध आहे, यात शंका नाही. प्रश्न असा की, तो पाळण्याची किंमत कोणाला किती पडते? ज्या घरी रोज नळ येतो तेथे ती जवळजवळ शून्य आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. दुष्काळाचे ते टोकाचे उदाहरण बाजूला ठेवले, तरी ‘काही दिवसांआड पाणी’ हा सोलापूर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) यांसारख्या शहरांतील रहिवाशांनी वर्षानुवर्षे घेतलेला अनुभव आहे. नळाची खात्री नसलेल्या गृहिणीने पिंपाच्या तळाचे दोन हंडे पाणी मोरीत ओतावे कसे? ती शिळ्या पाण्यावरच नवे पाणी भरते. तिला अडाणी ठरविणे सोपे आहे. परंतु तिच्यापुरता तिचा हिशेब चोख असतो. पाण्याच्या दोन पाळ्यांतील अंतर आठवड्यावर गेले की डासाला वाढीस लागणारा अवधी आपोआप मिळतो. पाणीपुरवठ्यावर जे खर्चावयाचे राहून गेले, ते मग अगरबत्त्या, औषधाच्या बाटल्या, रक्ततपासण्या आणि बुडालेला रोज या रूपाने घरोघर वसूल होते. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात हा खर्च कोठेच दिसत नाही.

अगरबत्तीचा धूर फार तर डासाला शेजारच्या खोलीत धाडतो. एडिस फार दूर उडत नाही. सहसा काहीशे मीटरांच्या आतच वावरतो. अर्थात वाड्यातील डास बहुधा वाड्यातच जन्मलेला असतो. दहा बिऱ्हाडांपैकी नऊ बिऱ्हाडांनी पिंपे घासली आणि गच्चीवरील सामायिक टाकी उघडी राहिली, तर त्या नवांचे श्रम वाया जातात. आणि सामायिक टाकीचे झाकण कोणी आणावयाचे, यावर चाळीच्या सभा रंगतात.

धूरफवारणीचे आकर्षण मोठे आहे, कारण ती दिसते. तिने उडते डास काही प्रमाणात मरतात. पिंपातील अळ्यांना काहीही होत नाही. फवाऱ्यावर विसंबण्याचा धडा देशाने एकदा घेतलेला आहे. १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाचा व १९५८ मध्ये निर्मूलनाचा कार्यक्रम डीडीटीच्या बळावर सुरू झाला. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. १९७६ मध्ये ती ६४ लाखांवर गेली. डीडीटीला न जुमानणारे डास आणि यशानंतर आलेली ढिलाई ही त्याची प्रमुख कारणे होत.

घरमालकाला नोटीस देण्याचा अधिकार पालिकांना आहे, आणि तो असावाही. परंतु नळाचा दिवस चुकला म्हणून पाणीपुरवठा खात्याला नोटीस जात नाही. वस्तुतः या दोन खात्यांनी एकत्र बसावयास हवे. पाणी येण्याच्या दिवशी सकाळी पिंप सर्वांत रिकामे असते. घासण्याची हाक त्याच सकाळी, त्या त्या प्रभागात दिली, तर पाणी वाया न जाता काम होईल. ज्या वस्त्यांत साठवण अटळ आहे तेथे घट्ट झाकणे वा तोंडाला बांधावयाचे जाड कापड पालिकेनेच पुरवावे, हौदात गप्पी मासे सोडावेत, संडासाच्या टाकीच्या हवेच्या नळीला जाळी बसवावी. यांतील कोणतीही गोष्ट धुराच्या यंत्राइतकी देखणी नाही. मात्र घासण्याचा दिवस नळाच्या दिवसाशी जोडावयाचा, तर नळ ठरल्या दिवशी आला पाहिजे. तो न आल्यास घासून ठेवलेल्या पिंपासमोर बसलेले कुटुंब पुढच्या खेपेस तळाचे पाणी ओतणार नाही.