शाळेसाठी डोळ्यांत पाणी, पण मुलांचा प्रवेश दुसरीकडे!

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात जुन्या वस्तीतली दोन माणसे भेटली, की पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न हमखास निघतो, 'हायस्कूल कुठले?' कॉलेजची चौकशी नंतर. उत्तर एका शब्दात मिळते : 'रोमन', 'नॉर्थ', 'वेस्ट', 'ह्यूबर्ट', 'हॅलाहान'. तेवढ्यावरून समोरच्याची वस्ती कोणती, चर्च कोणते आणि घरची परिस्थिती काय असेल, याचा बराचसा अंदाज येतो. आपल्याकडे गाव आणि आडनाव विचारतात ना, तसेच काहीसे.

वर दिलेली सगळी नावे कॅथलिक हायस्कुलांची आहेत. म्हणूनच ६ जानेवारी २०१२ रोजी तिथल्या महाधर्मप्रांताने नेमलेल्या समितीचा अहवाल जाहीर झाला, तेव्हा शहरात घरोघरी सुतकच पडले. ४५ प्राथमिक शाळा बंद कराव्यात किंवा दुसऱ्या शाळेत विलीन कराव्यात आणि चार हायस्कुले कायमची बंद करावीत, अशी शिफारस त्यात होती. वेस्ट कॅथलिक, मुलींचे सेंट ह्यूबर्ट, बॉनर-प्रेंडरगास्ट आणि कॉनवेल-ईगन ही ती चार. जूनमध्ये वर्ष संपले, की कुलूप!

कोळशाच्या पैशांतून शाळा

ही हायस्कुले म्हणजे आपल्याकडच्या कॉन्व्हेंटसारखी, असा समज होण्याचा संभव आहे; पण दोन्हींत मोठा फरक आहे. आपल्याकडे कॉन्व्हेंटमध्ये मुलाला घालणे हे प्रतिष्ठेचे लक्षण. फिलाडेल्फियातल्या या शाळा मात्र गरिबांसाठी निघाल्या. आयर्लंड, इटली, पोलंड अशा देशांतून गिरण्यांत, गोदीत आणि रेल्वेत काम करायला आलेल्या कॅथलिक मजुरांची ती मुले. सरकारी शाळांतले वातावरण प्रॉटेस्टंट वळणाचे होते, तेव्हा आपल्या मुलांसाठी आपलीच शाळा हवी असे या लोकांना वाटले. चर्चमागे एक शाळा उभी राहू लागली.

थॉमस काहिल नावाच्या एका कोळशाच्या व्यापाऱ्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांतून १८९० मध्ये 'रोमन कॅथलिक हायस्कूल' सुरू झाले. मुलांसाठी, तेही विनामूल्य. मग मुलींचे काय? त्यांच्यासाठी १९०१ मध्ये वर्ग सुरू झाले. पुढे मेरी मॅकमिकन या बाईंनी आपल्या भावाच्या स्मरणार्थ इमारतीसाठी पैसे दिले आणि शाळेला त्या भावाचे, जॉन हॅलाहान यांचे नाव पडले. महाधर्मप्रांताने चालवलेले मुलींचे देशातले पहिले हायस्कूल म्हणून ते ओळखले जाई. पैसा बहिणीचा, नाव भावाचे! तेव्हाची रीतच ती.

शिकवायला होत्या सिस्टर, ब्रदर आणि फादर. त्यांना पगार जवळजवळ नव्हताच. राहायला मठ, दोन वेळचे जेवण आणि किरकोळ खर्चाची रक्कम. त्यामुळे कामगाराला पाच-सहा मुले असली तरी तो ती सगळी या शाळांत पाठवू शकत असे. हे गणित इतके चांगले जमले, की १९६० च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या महाधर्मप्रांतातल्या शाळांत सुमारे अडीच लाख मुले शिकत होती. १९५६ मध्ये उघडलेल्या 'कार्डिनल डॉअर्टी' हायस्कुलात तर काही वर्षांतच सुमारे सहा हजार विद्यार्थी झाले. जगातले सर्वांत मोठे कॅथलिक हायस्कूल अशी त्याची ख्याती होती आणि त्याचा बँड परदेशात वाजवायला जात असे.

त्या काळातली एक गंमत अजून सांगितली जाते. 'अमेरिकन बँडस्टँड' हा तरुण मुलामुलींच्या नाचाचा कार्यक्रम १९५७ पासून देशभर टीव्हीवर दिसू लागला, त्याचा स्टुडिओ वेस्ट कॅथलिकच्या मुलींच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. शाळा सुटली, की मुली धावत तिकडे. पण शाळेच्या गणवेशात टीव्हीवर नाचणे सिस्टरना कसे खपावे? मुलींनी तोड काढली. गणवेशावर स्वेटर चढवायचा आणि गोल कॉलर तेवढी बाहेर ठेवायची. देशभरच्या मुलींना वाटले, हीच फिलाडेल्फियाची नवी फॅशन! आणि तशा कॉलरी घालण्याचे वेड पसरले.

अडीच लाखांचे अडुसष्ट हजार

मग एवढे मोठे वैभव गेले कुठे? कारण एकच नाही. मजुरांची मुले शिकली, त्यांना चांगल्या नोकऱ्या लागल्या आणि त्यांनी शहराबाहेरच्या उपनगरांत घरे घेतली. कुटुंबे लहान झाली. नन होणाऱ्या मुली कमी झाल्या. १९६५ मध्ये अमेरिकेत सुमारे एक लाख ऐंशी हजार सिस्टर होत्या, आज चाळीस हजारही नाहीत. त्यांच्या जागी बाहेरचे शिक्षक आले, त्यांना संसार होते, पगार द्यावा लागला. आपल्याकडे अनुदानित शाळेच्या शिक्षकांचा पगार सरकार देते, मग ती शाळा मिशनऱ्यांची का असेना. अमेरिकेत धर्मसंस्थेच्या शाळेतल्या शिक्षकांना सरकारी तिजोरीतून असा पगार मिळत नाही. तो बोजा आईबापांवर आला. जिथे फी नव्हती किंवा नावापुरती होती, तिथे ती वर्षाला काही हजार डॉलरवर गेली. आणि १९९७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने 'चार्टर' शाळांचा कायदा केला. म्हणजे सरकारच्या पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या, फी नसलेल्या शाळा. कॅथलिक शाळेतला गणवेश आणि शिस्त तिथेही मिळू लागली, तीही फुकट!

त्यातच २००५ आणि २०११ मध्ये सरकारी चौकशीचे दोन अहवाल आले. धर्मगुरूंनी मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार आणि वरिष्ठांनी त्यांवर घातलेले पांघरूण हे त्यांत तपशीलवार होते. ज्या संस्थेच्या हाती मूल विश्वासाने सोपवायचे, तिच्याबद्दल हे वाचल्यावर आईबापांना काय वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको.

२०११ मध्ये या शाळांत सुमारे ६८ हजार मुले उरली होती. शंभर वर्षांपूर्वी, म्हणजे १९११ मध्येही साधारण तेवढीच होती. कार्डिनल डॉअर्टी त्याआधीच, जून २०१० मध्ये बंद झाले होते. सहा हजारांच्या इमारतीत तेव्हा साडेसहाशेच्या आसपास मुले होती. १९२६ साली निघालेले मुलांचे 'नॉर्थ कॅथलिक'ही त्याच महिन्यात बंद झाले. एके काळी तिथे पावणेपाच हजार मुले होती, शेवटी साडेपाचशे. त्या इमारतीत पुढे एक चार्टर शाळा भरू लागली.

सात आठवड्यांची धावपळ

२०१२ च्या अहवालानंतर मात्र चारही शाळांचे माजी विद्यार्थी हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्यांच्यासमोर 'रोमन'चे उदाहरण होते. १९८६ मध्ये ती शाळाही बंद होणार असे ठरले होते. पण माजी विद्यार्थ्यांनी पैसे आणि माणसे उभी करून तो निर्णय फिरवायला लावला. रोमन आजही सुरू आहे.

जानेवारीच्या थंडीत सेंट ह्यूबर्टच्या तपकिरी-सोनेरी रंगांत मुली, त्यांच्या आया आणि आज्या शाळेबाहेर फलक घेऊन उभ्या राहिल्या. कित्येक घरांत तीन-तीन पिढ्या याच शाळेच्या. कोणी केक विकले, कोणी जेवणावळी घातल्या, कोणी बड्या कंपन्यांतल्या ओळखी काढल्या. काही आठवड्यांत एकट्या सेंट ह्यूबर्टसाठी दहा लाखांहून अधिक डॉलर जमले. यात श्रीमंतांचे मोठे धनादेश होते, तसेच परिचारिका, शिक्षिका, पोलिसांच्या बायका यांनी पाठवलेले छोटेही.

२४ फेब्रुवारी रोजी आर्चबिशप चार्ल्स शापू यांनी जाहीर केले, की चारही हायस्कुले चालू राहतील. शाळांत जल्लोष झाला. एका मोठ्या विमा कंपनीचे निवृत्त प्रमुख एडवर्ड हॅनवे यांच्या पुढाकाराने एक प्रतिष्ठान निघाले आणि त्याच वर्षी महाधर्मप्रांताची सतराही हायस्कुले चालवण्याचे काम त्याच्याकडे सोपवण्यात आले. ती चारही हायस्कुले अजून चालू आहेत. बॉनर आणि प्रेंडरगास्ट या मुलांच्या व मुलींच्या शाळा मात्र तेव्हा एकत्र झाल्या.

या विजयात एक अडचणीचा प्रश्न लपला होता. चार शाळांसाठी सात आठवड्यांत एवढा पैसा निघू शकतो, तर त्याआधीच्या वीस वर्षांत तो का निघाला नाही? माजी विद्यार्थ्यांचे म्हणणे, आम्हाला कोणी खरी परिस्थिती सांगितलीच नाही. हिशेब बंद दाराआड आणि निर्णय तेवढा आमच्या दारात. महाधर्मप्रांताचे म्हणणे, पटसंख्या काही लपून राहत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण पैसा एकदा जमवता येतो, विद्यार्थी दरवर्षी लागतात. ते कोणी आणायचे?

हॅलाहानची पाळी

आठ वर्षांनी उत्तर मिळाले. नोव्हेंबर २०२० मध्ये, कोरोनाची साथ चालू असताना, हॅलाहान आणि उपनगरातले बिशप मॅकडेविट ही दोन हायस्कुले जून २०२१ मध्ये बंद होणार, अशी घोषणा झाली. हॅलाहानची ही १२० वी पायरी होती.

हॅलाहानच्या मुलींचे दोन प्रकार शहरभर प्रसिद्ध होते. एक म्हणजे शाळेचे मानचिन्ह. इतर शाळांची गरुड, सिंह असली रुबाबदार. हिचा मिकी माउस! दुसरे म्हणजे वर्षाचा शेवटचा दिवस. शाळेजवळच्या लोगन चौकात १९२४ साली बसवलेले एक भव्य कारंजे आहे. अलेक्झांडर कॅल्डर या शिल्पकाराने त्यात शहराजवळच्या तीन नद्या मानवी रूपात साकारल्या आहेत. शेवटची घंटा झाली, की मुली गणवेशासकट धावत जाऊन त्या कारंज्यात उड्या मारत. आई ज्या पाण्यात भिजली, त्याच पाण्यात मुलगी. शाळेबरोबर हा रिवाजही संपला.

या वेळीही माजी विद्यार्थिनी जमल्या, निधी उभारायला निघाल्या, शाळा स्वतंत्रपणे चालवू द्या अशी मागणी झाली. पण निर्णय बदलला नाही. साथीमुळे हजारोंनी रस्त्यावर येणेही शक्य नव्हते. सतराची पंधरा झाली.

शाळा बंद पडते तेव्हा माजी विद्यार्थी सगळे एकाच सुरात बोलत नाहीत, हेही इथे दिसले. काहींना रडू आवरत नाही. काही संतापतात, वकिलांवर आणि नुकसानभरपाईवर पैसा गेला आणि शाळा मात्र आमच्या गेल्या, असे ते म्हणतात. ज्यांना शाळेत सिस्टरच्या पट्टीचा मार किंवा त्याहून वाईट काही वाट्याला आले, त्यांना इतरांचे हे गहिवर पटत नाहीत. आणि सर्वांत मोठा गट अस्वस्थ माणसांचा. त्यांना शाळा हवीच होती. पण उपनगरात घर घेतल्यावर रोज एवढ्या लांब, एवढी फी भरून मुलीला कोण पाठवणार? पलीकडच्या गल्लीतली सरकारी शाळा चांगली होती. त्यांनी काही चुकीचे केले असे म्हणवत नाही. कोणत्याही आईने हेच केले असते.

यात आपल्याला परके वाटण्यासारखे काही आहे का? मुंबईत गिरगाव, दादर, लालबागच्या मराठी शाळा एकेक करून ओस पडल्या, तेव्हा स्नेहसंमेलनात बाकावर बसून डोळे पुसणारे डॉक्टर, इंजिनिअर आणि बँक अधिकारी आपण पाहिलेच आहेत. त्यांतल्या किती जणांची मुले त्या शाळेत होती? बहुतेकांची कॉन्व्हेंटमध्ये. तिथल्या कॅथलिक शाळा ज्या कारणाने रिकाम्या झाल्या, त्याच कारणाने इथल्या कॅथलिक शाळांपुढे रांगा लागल्या : मुलाला आपल्यापेक्षा एक पायरी वर न्यायचे आहे!

उरलेला हिशेब

शाळा गेली तरी माजी विद्यार्थ्यांच्या संघटना चालू आहेत. डॉअर्टी आणि नॉर्थचे लोक अजून मेळावे भरवतात, तुकड्यांचे वाढदिवस साजरे करतात, दिवंगत सोबत्यांसाठी प्रार्थना ठेवतात. काही संघटनांनी निधी दुसरीकडे वळवला आहे आणि तो दुसऱ्या कॅथलिक शाळांत जाणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती म्हणून दिला जातो. ही तोड समजूतदारपणाची आहे. पण दोन्ही शाळांची शेवटची तुकडी २०१० ची. म्हणजे संघटनेतला सर्वांत तरुण पदवीधरही आता तिशी ओलांडून गेलेला आहे आणि यापुढे नवा सभासद येणार नाही. बंद पडलेल्या शाळेचा दाखला किंवा गुणपत्रिका कोणाला लागलीच, तर तो अर्ज आता महाधर्मप्रांताच्या शिक्षण कार्यालयाकडे करावा लागतो.