ब्लूज गिटारवरचा शफल: आधी तोंडाने, मग हाताने



गिटार शिकणारं मूल चार-पाच कॉर्ड शिकतं, महिनाभर उत्साहाने वाजवतं आणि मग गिटार कोपऱ्यात जाते. बोटं दुखतात हे कारण असतंच, पण बरेचदा अडचण वेगळी असते. बोटं योग्य जागी पडतात, तरी वाजवलेलं 'गाण्यासारखं' वाटत नाही आणि असं का होतंय हे मुलाला सांगता येत नाही. ही अडचण लयीची असते. ती सोडवायला ब्लूजमधला शफल फार उपयोगी आहे, कारण त्यात डाव्या हाताला काम थोडं आणि लयीला काम भरपूर. शिवाय गिटार न येणारे आई-बाबाही त्यात मदत करू शकतात.

शफल म्हणजे काय?

नेहमीच्या सरळ ठेक्यात एका मात्रेचे दोन सारखे भाग होतात: एक-दोन, एक-दोन, कवायतीसारखे. शफलमध्ये मात्रेचे तीन भाग करायचे. पहिला आवाज दोन भागांइतका लांबवायचा आणि दुसरा आवाज उरलेल्या एका भागात घ्यायचा. म्हणजे दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश. लांब-छोटा, लांब-छोटा. घोडा-घोडा खेळताना मुलं एकच पाय सतत पुढे ठेवून धावतात, तेव्हा पावलांचा जो आवाज येतो, तो साधारण असाच असतो.

हा ठेका आला कुठून?

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या आफ्रिकन-अमेरिकन लोकांचं संगीत. १८६५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली, त्यानंतरच्या काही दशकांत ते आकाराला आलं. पियानोवादक डाव्या हाताने एक झुलता ठेका वाजवत असत, तो गिटारवादकांनी जाड तारांवर आणला. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ इथे 'स्वीट होम शिकागो' ध्वनिमुद्रित केलं, त्यात तो ऐकायला मिळतो. पुढे १९५० च्या दशकात जिमी रीडच्या गाण्यांमध्ये एडी टेलर मागे शांतपणे हाच ठेका धरून असायचा. मुलांना ही गाणी आधी नुसती ऐकवा. साथ करणारा किती महत्त्वाचा असतो, हे त्यांना आपोआप कळतं.

गिटार हातात घेण्याआधी

आपल्याकडच्या मुलांसाठी इथे एक सोपी वाट आहे. तबल्याच्या वर्गात 'तकिट' म्हणतात ना, तेच वापरा.

१. मेट्रोनोम ६० वर ठेवा, म्हणजे सेकंदाला एक ठोका. प्रत्येक ठोक्याला पाय आपटा आणि एका ठोक्यात पूर्ण 'त-कि-ट' म्हणा. तिन्ही अक्षरं सारख्या अंतरावर यायला हवीत.
२. आता 'कि' मनातल्या मनात म्हणा. तोंडातून फक्त 'त… ट, त… ट' येईल.
३. पाय तसाच चालू ठेवून 'त' आणि 'ट' वर टाळ्या वाजवा.

घाई नको, यावर दोन-तीन दिवस गेले तरी चालतील. जे तोंडाने नीट म्हणता येत नाही, ते हाताने वाजत नाही.

आता गिटारवर

'ए' कॉर्डपासून सुरुवात करा. पाचवी तार मोकळी आणि चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला पहिलं बोट. फक्त या दोनच तारा वाजवायच्या. 'त' ला हात खाली, 'ट' ला हात वर. दोन्ही झाले की एक मात्रा झाली. पुढच्या मात्रेला पहिलं बोट न उचलता त्याच तारेवर चौथ्या फ्रेटला तिसरं बोट ठेवा. मग पुन्हा दुसरा फ्रेट, पुन्हा चौथा. चार मात्रा झाल्या की एक बार पूर्ण.

'डी' साठी हाच आकार एक तार खाली, म्हणजे चौथी तार मोकळी आणि बोटं तिसरीवर. 'ई' साठी सहावी मोकळी आणि बोटं पाचवीवर. लहान हातांना चौथा फ्रेट लांब पडत असेल, तर पाचव्या फ्रेटवर कॅपो लावा. तिथे फ्रेट अरुंद असतात, ताण कमी पडतो. मग फ्रेट कॅपोपासून मोजायचे, एवढंच.

बारा घरांचा तक्ता

ब्लूजचं एक आवर्तन बहुधा बारा बारचं असतं. फळ्यावर चार-चार घरांच्या तीन ओळी काढा:

ए – ए – ए – ए
डी – डी – ए – ए
ई – डी – ए – ई

गाण्याच्या ओळींचीही अनेकदा अशीच रचना असते: पहिली ओळ, तीच पुन्हा आणि मग तिसरीत तिचं उत्तर. एका मुलाने घरांवर बोट फिरवायचं, बाकीच्यांनी 'त… ट' म्हणायचं. गिटार एकच असली तरी सगळा वर्ग गुंततो.

ऐकताना काय तपासायचं?

• ठेका कवायतीसारखा सरळ झाला, तर मनातला 'कि' हरवला आहे. गिटार खाली ठेवून पुन्हा 'तकिट' म्हणायला लावा.
• कॉर्ड बदलताना पाय थांबला, तर वेग कमी करा. एखादा सूर चुकला तरी चालेल, पाय थांबता कामा नये.
• आवाज गोंगाटासारखा येत असेल, तर उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर हलकेच टेकवा. आवाज दबका आणि भरीव होतो.

वेग वाढला की मोठे वादकही लांब-छोट्यातलं अंतर थोडं कमी करतात, त्यामुळे अगदी गणिती अचूकपणाचा आग्रह नको. मूल वाजवत असताना तुमचा पाय आपोआप हलायला लागला, तर ठेका जमला असं समजा. आणि हे मुलाला नक्की सांगा. 'छान वाजवलंस' पेक्षा 'माझा पाय हलायला लागला' हे ऐकून त्याला जास्त कळतं.