बालसुरक्षा आसन
मोटारगाडीतून प्रवास करणाऱ्या अर्भकास व लहान मुलास टकरीच्या किंवा अचानक गतिरोधाच्या वेळी जागच्या जागी धरून ठेवणारे, गाडीच्या आसनावर पक्के बसविण्यात येणारे स्वतंत्र आसन. मोटारगाडीतील सुरक्षा पट्टा प्रौढ व्यक्तीच्या शरीरास अनुसरून तयार केलेला असतो. सर्वसाधारणपणे १५० सेंमी. पेक्षा कमी उंचीच्या मुलास तो नीट बसत नाही. त्याचा खांद्यावरील भाग गळ्यावर येतो व कमरेवरील भाग ओटीपोटावर सरकतो. बालसुरक्षा आसन ही उणीव भरून काढते.

तत्त्व : धावत्या गाडीतील प्रत्येक वस्तूस गाडीइतकाच वेग असतो. गाडी थांबली, तरी न बांधलेली वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. ताशी ५० किमी. वेगाने जाणारी गाडी एखाद्या अडथळ्यावर आदळून सु. ६० सेंमी. अंतरात थांबली, तर १० किग्रॅ. वजनाच्या मुलास धरून ठेवण्यासाठी सरासरी १६० किग्रॅ. वजनाहून अधिक ओझे पेलण्याइतके बल लागते. कोणत्याही मातेच्या किंवा पित्याच्या हातांत ते नसते; म्हणून मांडीवरील मूल सुरक्षित आहे, हा समज निराधार होय. उलट, मांडीवर घेणाऱ्याने स्वतः पट्टा बांधला नसेल, तर मूल त्याच्या व पुढील आसनाच्या मध्ये चिरडले जाण्याचा धोका असतो. ताशी ५० किमी. वेगाची टक्कर ही सु. १० मी. उंचीवरून, म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखी असते. ताशी ३० किमी. वेगासही ही उंची सु. ३·५ मी. भरते.

अर्भकाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते आणि मानेच्या मणक्यांचे अस्थिभवन पूर्ण झालेले नसते. तोंड पुढे करून बसविल्यास टकरीच्या वेळी डोक्याचा सर्व ताण मानेवर येतो. तोंड मागे करून बसविल्यास हाच ताण आसनाच्या पाठीद्वारे डोके, मान व पाठ यांवर सारखा विभागला जातो. लहान अर्भकांची आसने गाडीच्या मागील बाजूकडे तोंड करून बसविण्यामागे हेच कारण आहे.

इतिहास : आरंभीच्या बाल-आसनांचा हेतू मूल एका जागी राहावे व त्याला खिडकीबाहेर पाहता यावे एवढाच होता. संरक्षणाच्या दृष्टीने त्यांचा विचार १९६० नंतर होऊ लागला. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीरांच्या आसनांवरून कल्पना घेऊन १९६४ च्या सुमारास मागे तोंड असलेले आसन तयार केले. अमेरिकेतील टेनेसी राज्याने केलेला बाल-आसनांच्या सक्तीचा कायदा १९७८ मध्ये अंमलात आला आणि १९८५ पर्यंत तेथील सर्व राज्यांनी असे कायदे केले. संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाचा ४४ क्रमांकाचा नियम १९८१ मध्ये, तर आसनाची निवड उंचीनुसार करणारा व १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड ठेवणे बंधनकारक करणारा १२९ क्रमांकाचा नियम २०१३ मध्ये लागू झाला.

प्रकार : वजनानुसार केलेल्या रूढ वर्गीकरणात १३ किग्रॅ. पर्यंतच्या अर्भकांसाठी मागे तोंड असलेले आसन, ९ ते १८ किग्रॅ. वजनाच्या मुलांसाठी पाच ठिकाणी बांधणाऱ्या पट्ट्यांचे आसन आणि १५ ते ३६ किग्रॅ. वजनाच्या मुलांसाठी बूस्टर असे प्रकार येतात. बूस्टरमुळे मूल उंचावर बसते व गाडीचाच पट्टा त्याच्या खांद्यावरून आणि कमरेच्या हाडावरून योग्य रीतीने जातो. आसन गाडीच्या पट्ट्याने किंवा गाडीच्या सांगाड्यास जोडलेल्या आयसोफिक्स कड्यांनी पक्के करतात. कड्यांची पद्धत वापरल्यास आसन चुकीचे बसण्याची शक्यता कमी होते.

भारतातील कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १९४-बी अंतर्भूत करण्यात आले, ते १ सप्टेंबर २०१९ पासून अंमलात आले. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलास सुरक्षा पट्ट्याने किंवा बाल-आसनाने न बांधता गाडी चालविणाऱ्यास अथवा चालवू देणाऱ्यास १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. बाल-आसनांच्या तांत्रिक कसोट्या ए. आय. एस. ०७२ या मानकात दिलेल्या आहेत. चार वर्षांखालील मुलास दुचाकीवरून नेताना त्याला चालकाशी जोडणारा पट्टा वापरणे आणि वेग ताशी ४० किमी. च्या आत ठेवणे १५ फेब्रुवारी २०२३ पासून बंधनकारक झाले. नऊ महिन्यांवरील मुलास शिरस्त्राणही आवश्यक आहे.

कलम १९४-बी मधील ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन वर्षांच्या मुलास प्रौढांचा पट्टा बांधला, तरी कायद्याच्या शब्दांची पूर्तता होते. मुलाच्या शरीराचे रक्षण मात्र होतेच असे नाही. कायदा जेथे पर्याय ठेवतो, तेथे शरीररचना पर्याय ठेवत नाही. हे अंतर पालकांनाच भरून काढावे लागते.

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर : या प्रश्नाची दोन्ही अंगे येथे एकत्र दिसतात. चाकण येथे तयार होणाऱ्या श्कोडा कुशाक व फोक्सवॅगन टायगून या गाड्यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप संस्थेच्या चाचणीत प्रौढ व बालक अशा दोन्ही गटांत पाच तारे मिळाले. भारत एनकॅप ही देशी मूल्यांकन योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिच्या पहिल्या, डिसेंबर २०२३ मधील निकालांत पिंपरी येथे तयार होणाऱ्या टाटा हॅरियर व सफारी यांनीही दोन्ही गटांत पाच तारे मिळविले. परंतु अशा चाचण्यांत अठरा महिन्यांच्या व तीन वर्षांच्या मुलांएवढ्या प्रतिकृती बाल-आसनांत बांधूनच गाडीत ठेवलेल्या असतात. बालसुरक्षेचे तारे आसनात बांधलेल्या मुलासाठी असतात; मांडीवरील मुलास ते लागू पडत नाहीत.

मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने उभारलेल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे या परिसरात स्वतःची मोटारगाडी चालविणाऱ्या तरुण पालकांची मोठी वस्ती झाली आहे. नोकरीनिमित्त अमेरिकेत किंवा यूरोपात राहून परतलेली कुटुंबेही त्यांत आहेत. तेथे अर्भकास आसनाविना गाडीतून नेणे हा गुन्हा ठरतो व नवजात बालकाच्या पहिल्या प्रवासापासून आसन वापरले जाते. येथील रस्त्यांवर कोंडीमुळे वेग बहुधा कमी असला, तरी वाकडजवळून जाणारा मुंबई-बंगळूर महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येथून जवळ आहेत. घरापासून पाळणाघरापर्यंतच्या अल्प अंतरासाठी आसन टाळण्याची सवय लागल्यास तीच महामार्गावरही टिकते.

वापर : आसन मागील बाकावर बसवावे. कार्यान्वित एअरबॅगसमोर मागे तोंड असलेले आसन कधीही ठेवू नये. फुगणाऱ्या पिशवीचा आघात अर्भकास प्राणघातक ठरतो. मोठ्या मुलासही पुढे बसवू नये. पट्टे मुलाच्या अंगाशी घट्ट असावेत. खांद्यावरील पट्टा चिमटीत पकडता आला, तर तो सैल आहे असे समजावे. जाड स्वेटर किंवा दुपट्यावरून पट्टे बांधू नयेत. मोठ्या टकरीत सापडलेले आसन पुन्हा वापरू नये आणि ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही असे जुने आसन घेऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतील धातूची कडी हात लावून पाहावी. मुलास गाडीत एकटे सोडू नये.

भारतात २०२२ मध्ये सुरक्षा पट्टा न बांधल्याने १६,७१५ व्यक्ती मृत्यू पावल्याची केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची नोंद आहे. त्यांपैकी ८,३३१ व्यक्ती प्रवासी होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बाल-आसनांच्या वापराने मुलांचे अपघाती मृत्यू सु. ६० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. मूल प्रथम रडते, हे आसन न वापरण्याचे नेहमी दिले जाणारे कारण होय. जन्मापासून प्रत्येक प्रवासात आसन वापरल्यास मुलास त्याची सवय होते व गाडीत बसणे म्हणजे स्वतःच्या आसनात बसणे, असेच ते समजू लागते.